येथे थुंकावे

मी वर्गात पोरांना थुंकायला लावते, अशी माझ्याविरुद्ध तक्रार आहे. तक्रार खरी आहे. अकरावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं पचन शिकवताना दुसरं काय करावं, हे तक्रार करणाऱ्यांनी मला एकदा समजावून सांगावं. भाकरीचा घास तोंडात बराच वेळ फिरवला की गोड लागायला लागतो. तो का गोड लागतो, याचं उत्तर पुस्तकात एका ओळीत दिलं आहे. त्या ओळीवर परीक्षेत एक प्रश्न येतो, त्याला चार पर्याय असतात, पोरं त्यातला बरोबर गोल काळा करतात आणि पुढं निघून जातात. आपल्या तोंडात रोज काय चालतं, ते त्यांना बघायला मिळत नाही.

हे माझ्या डोक्यात जातं, कारण मलाही असंच पुढं ढकललेलं आहे. मी सोयगावकडची. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे भिंतीवर टांगलेला एक तक्ता होता. परीक्षानळीचं चित्र आम्ही जर्नलमध्ये काढायचो आणि तिच्यात निळी पेन्सिल फिरवायचो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “स्टार्चमध्ये आयोडीन टाकलं तर रंग कोणता?” मी म्हणाले, “निळा-काळा.” पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तो निळा-काळा मी जन्मात पाहिला नव्हता. घरी सगळे खूश होते, आई तर गल्लीभर सांगत सुटली होती, आणि मला मात्र कुणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं. शिक्षिका झाले तेव्हा मनाशी ठरवलं, माझ्या हाताखालून जाणारं एकही पोर तो रंग न पाहता जाणार नाही. मग कुणाला राग येवो नाहीतर लोभ येवो.

आमचं ज्युनिअर कॉलेज शहराच्या कडेला, पैठण रोडच्या बाजूला आहे. निम्मी पोरं शहरातल्या मोहल्ल्यांतून रिक्षानं येतात, निम्मी खेड्यांतून एसटीनं. तळमजल्यावरची लांबोडकी खोली म्हणजे आमची प्रयोगशाळा. सिमेंटचे ओटे, ओट्यांवर बेसिनं, बेसिनांवर नळ. नळांना पाणी नाही. आमच्या शहराला किती दिवसांनी पाणी येतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला ते खोटं वाटतं. जायकवाडीचं एवढं मोठं धरण तासाभराच्या अंतरावर भरलेलं असतं आणि आम्ही मोबाइलवर “उद्या येणार का हो?” असं एकमेकांना विचारत बसतो. आमच्या लॅब असिस्टंटना सगळं कॉलेज चाचा म्हणतं. सकाळी मी दारात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. “मॅडम, टाकी खाली है. टँकरवाला शाम कू आतूं बोल्या.”

याच पाण्याचं निमित्त करून संस्थेच्या सचिवांनी मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, पाणीच नाही तर प्रयोगशाळा ठेवायची कशाला? प्रवेश परीक्षेच्या बॅचला बसायला जागा नाही. प्रयोग तर आता व्हिडिओवर जास्त छान दिसतात. मी प्रोजेक्टर लावून देतो.”

माणूस वाईट नाही. पत्र्याच्या शेडमध्ये भरणारं कॉलेज त्यांनीच पक्क्या इमारतीत आणलं, हे मी कुणापुढंही मान्य करीन. पण कुठलीही मोकळी खोली दिसली की त्यांच्या डोळ्यांपुढं खुर्च्यांच्या रांगा येतात, त्याला इलाज नाही. पाणी नाही म्हणून पाण्याचा धडाच बंद करायचा, हे ऐकून माझं डोकं सटकलं. जेवलेलं अन्न पाण्यावाचून मोडत नाही, अंगातला एक कण दुसऱ्या कणापासून सुटत नाही, आणि हे शिकवायची जागा म्हणे टँकर वेळेवर येत नाही म्हणून खुर्च्यांना द्यायची.

“साहेब,” मी म्हणाले, “एका प्रयोगाला नळ लागत नाही.”

“कोणत्या?”

“तोंडाला सुटतं तेवढं पाणी पुरतं त्याला.”

प्राचार्य छताच्या पंख्याकडं बघायला लागले. सचिव मात्र हसले. “ठीक आहे. शनिवारी मी स्वतः येतो. पटलं तर खोली तुमची. नाही पटलं तर सोमवारपासून बॅच बसेल. मग कुरकूर करायची नाही.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शुक्रवारच्या तासाला मी वर्गातले बाक भिंतीला सरकवले. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब माळ, एवढं पोरांना पाठ होतं. ती माळ बांधली कशी जाते आणि सुटते कशी, ते मला त्यांच्या अंगात उतरवायचं होतं. हात धरून साखळी करा म्हणावं तर आमच्याकडं मुलं-मुली एकमेकांचे हात धरत नाहीत, आणि धरले तर दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसं गेटवर उभी असतात. म्हणून फूटपट्ट्या. प्रत्येक पोर एक ग्लुकोज. प्रत्येकाच्या एका हातात ‘एच’ लिहिलेली चिठ्ठी, दुसऱ्या हातात ‘ओएच’ लिहिलेली. शेजाऱ्याशी जोडून घ्यायचं तर एकानं आपला एच खाली टाकायचा, दुसऱ्यानं आपला ओएच टाकायचा, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी दोघांनी मिळून एक पट्टी धरायची. बघता बघता फळ्यापासून दारापर्यंत साखळी झाली आणि फरशीवर चिठ्ठ्यांचा सडा पडला.

“आता खाली बघा. एक एच आणि एक ओएच, जोडून काय होतं?”

“पाणी!” मागून कुणीतरी ओरडलं.

“बरोबर. एकेक जोड बांधताना एकेक पाणी बाहेर पडतं. कणसात ज्वारी भरते ती अशी. तुमच्या दंडावर मांस चढतं ते असं, आणि माझ्या पोटावर चरबी चढते तीसुद्धा अशीच. सगळं बांधकाम पाणी बाहेर टाकून होतं. आता ही साखळी तोडा.”

पोरांनी ओढाओढ केली. एक पट्टी मोडली, साखळी तशीच राहिली.

“ओढून सुटत नाही. मोकळ्या हातानं राहायला कुणी तयार नाही म्हणून पट्टी सोडत नाही. त्याच्या हातात आधी काहीतरी द्यायला पाहिजे. काय द्याल?”

मग एकीनं वाकून दोन चिठ्ठ्या उचलल्या, एच एकाच्या हातात दिला, ओएच दुसऱ्याच्या, आणि पट्टी आपोआप खाली पडली. बांधताना जेवढं पाणी बाहेर टाकलं तेवढंच तोडताना परत आत द्यावं लागतं, हे मला सांगावंच लागलं नाही. पोरंच एकमेकांना सांगायला लागली. मी फक्त एवढं जोडलं, की साखळी आणि पाणी नुसतं शेजारी शेजारी ठेवलं तर ते आपणहून एकमेकांना हात लावत नाहीत. वाकून चिठ्ठ्या उचलून देणारं कुणीतरी मध्ये लागतं. तोंडात ते काम लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. उद्या आपण त्यालाच कामाला लावणार आहोत.

वाकून चिठ्ठ्या उचलणारी ती मुलगी खिडकीजवळच्या बाकावर बसते. तिच्या वडिलांचं शहागंजात रफूचं दुकान आहे. पोरगीही तशीच, जिथं धागा उसवलेला दिसेल तिथं नेमकं बोट घालणारी. काही शिक्षकांना ती आवडत नाही.

शनिवारी रमजान चालू होता आणि वर्गात बऱ्याच पोरांचे रोजे होते. मी आधीच सांगून टाकलं, “ज्यांचा रोजा आहे त्यांनी नुसतं बघितलं तरी चालेल.”

खिडकीजवळची उभी राहिली. “मॅडम, थुंकायला मनाई नाय. गिळायला हाय.”

वर्ग हसला आणि रोज्याचा प्रश्न मिटला. मग दुसरा निघाला. उष्टं. एका मुलीला तिची नळी कुणाच्या नळीशेजारी ठेवायला नको होती. एका पोराच्या घरी कळलं तर त्याची आजी त्याला न्हायला लावणार होती. आणि शेवटी सगळ्यात मोठा सवाल, नळ्या धुणार कोण? हा सवाल विचारताना वर्गातल्या झाडून सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचा खाली मान घालून बादलीवर फडकं झाकत होते. ती बादली त्यांनी आदल्या दिवशीच्या टँकरमधून या तासासाठी राखून ठेवली होती.

“चाचा कुणाचंही उष्टं धुणार नाहीत,” मी म्हणाले. “ज्याची लाळ त्यानं धुवायची. आणि इथल्या स्टँडमध्ये नळ्या जशा येतील तशाच उभ्या राहतील. कुणाच्या नळीला वेगळा कोपरा मिळणार नाही. ज्याला चालत नसेल त्यानं बाहेर थांबावं, मी हजेरी मांडीन.”

बाहेर कुणी गेलं नाही. बेसिनवरच्या भिंतीवर संस्थेनं लाल रंगात ‘येथे थुंकू नये’ असं रंगवून घेतलेलं होतं. मी त्यावर ड्रॉइंगचा कागद चिकटवला आणि मार्करनं लिहिलं, ‘येथे थुंकावे’. खाली बारीक अक्षरात ‘फक्त नळीत’. तक्रारीला जोडलेला फोटो याच कागदाचा आहे, आणि फोटोत ते बारीक अक्षर कापलेलं आहे.

ज्वारीचं पीठ पाण्यात उकळून, गाळून घेतलं होतं. प्रत्येकाच्या नळीत ते पांढुरकं पाणी थोडं थोडं घातलं आणि वर आयोडीनचा एक थेंब टाकला. थेंब पडला तिथून निळा-काळा रंग उतरत गेला. पोरांच्या तोंडून “आयला!” असं निघालं आणि मी कुणाला रागावले नाही. हा रंग मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी मला भरून येतं.

आता लाळ. तर ऐन वेळी सगळ्यांची तोंडं कोरडी. लाजून एकाच्याही तोंडाला थेंब सुटेना. मग मी चिंचेची गोष्ट काढली. झाडावरून नुकतीच पाडलेली, गाभुळलेली, वरून मीठ, वरून लाल तिखट...

“मॅडम, रोज्यात असं बोलू नका ना!” एक पोरगं कळवळून ओरडलं, पण तोपर्यंत त्याची नळी भरली होती. हसता हसता सगळ्यांच्याच भरल्या. लाळ घातलेल्या नळ्या पोरांनी मुठीत धरून ऊब दिली. एका नळीत मी लाळेऐवजी साधं पाणी घातलं आणि ती वेगळी उभी केली. दोन-तीन निळ्या नळ्या जास्तीच्या म्हणून तशाच ठेवल्या.

मग वाट बघणं. निळ्याचा हळूहळू जांभळा झाला. जांभळ्याचा तांबूस झाला. तांबूसही फिका पडत गेला आणि शेवटी आयोडीनची नुसती पिवळट झाक उरली. साध्या पाण्याची नळी होती तशी निळी. वर्गात इतकी शांतता मी हजेरीच्या वेळीसुद्धा कधी ऐकलेली नाही.

त्याच शांततेत सचिव आणि प्राचार्य आत आले. सचिवांनी नळ्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. खरंच पाहिल्या, वरवर नाही. “म्हणजे हे सगळं यांच्या थुंकीनं झालं? एवढी ताकद असते?”

“साहेब, तुमची बी टाकून बघा की!” मागच्या ओट्याकडून आलं. प्राचार्यांनी डोळे वटारले, पण सचिवांना गंमत वाटली. त्यांनी ओठाखालची तंबाखूची चिमूट काढून खिडकीतून बाहेर टाकली, मी चूळ भरा म्हणेपर्यंत माझ्या हातातून एक निळी नळी घेतली आणि तिच्यात थुंकले.

नळी हलवली न हलवली तोच निळा रंग गेला. पार गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“लई पॉवर हाय साहेबांच्यात!”

“गावरान ज्वारी खाल्लेली आहे लेकहो, तुमच्यासारखं मॅगी नाही,” सचिव म्हणाले. इतके खूश मी त्यांना गॅदरिंगलाही पाहिलेलं नाही. मग माझ्याकडं वळून, सगळ्या वर्गासमोर, “मॅडम, मानलं तुम्हाला. असंच शिकवत राहा. खोली राहू द्या. बॅचचं मी वरच्या मजल्यावर बघतो.”

खोली राहिली होती. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, प्राचार्यांनी ऐकलं होतं, चाचांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. आणि नळीत काय झालंय तेही मला कळलं होतं. तेवढ्यात खिडकीजवळची उभी राहिली.

“मॅडम, आमचा रंग आधी जांभळा झाला, मग तांबूस, मग गेला. साहेबांचा एकदम कसा गेला?”

प्राचार्यांनी माझ्याकडं बघून अगदी बारीक मान हलवली. तिला बसवा. “खाली बस” एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते दोन शब्द मी शाळेत इतक्यांदा ऐकलेत की त्यांचा स्वर मला अजून पाठ आहे. ते मी बोलले असते तर ओटे राहिले असते, स्टँड राहिले असते, बेसिनं राहिली असती, आणि या सगळ्याचं मी नंतर काय करणार होते? बरोबर रंग कोणता ते पोरांना पाठ करायला सांगणार होते?

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“साहेबांच्या तोंडात तंबाखू होती. तिच्यात चुना असतो. चुन्यानं गेला असंल.”

“असेल म्हणून चालत नाही. तपासायचं कसं?”

तिनं विचार केला. “थुंकी न टाकता नुसता चुना टाकायचा.”

मी सचिवांपुढं हात केला. “साहेब, तुमची चुन्याची डबी द्या.”

त्यांनी दिली. बिचाऱ्यांना अजून अंदाज आला नव्हता. तिनं नखाएवढा चुना एका निळ्या नळीत टाकून हलवला. रंग तत्काळ गेला. त्या नळीत लाळेचा थेंबही नव्हता. मग मी तिच्या हातात सौम्य आम्लाचा ड्रॉपर दिला आणि सांगितलं, चुन्याचा जोर यानं मोडतो, आधी साहेबांच्या नळीत टाक, मग तुझ्या. तिनं साहेबांच्या नळीत थेंब थेंब टाकलं आणि तळापासून निळा-काळा उसळून वर आला. तिच्या स्वतःच्या नळीत तेवढंच टाकलं. तिथं काहीच आलं नाही. यायला आत स्टार्चच उरलं नव्हतं.

“म्हणजे साहेबांचं स्टार्च तुटलंच नव्हतं,” ती म्हणाली. “नुसता रंग लपला होता.”

ती खवचटपणे बोलली नव्हती, जे दिसलं ते वाचून दाखवत होती. पण मागं कुणीतरी फिसकलं, आणि एकदा फिसकल्यावर वर्ग थोडाच थांबतो. सचिवांचा चेहरा उतरला. त्यांनी डबी उचलली, खिशात घातली आणि प्राचार्यांना विचारलं, “ही कुणाची मुलगी?” वर तिचं आडनावही विचारलं. विचारता आले असते असे शंभर प्रश्न त्या ओट्यावर मांडलेले होते आणि त्यांना हवं होतं आडनाव. मला त्याचा फार राग आला, अजून येतो.

सोमवारी प्रयोगशाळेला कुलूप होतं. खिडकीतून आत प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे रचलेले दिसत होते.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. ते भांडणाऱ्यांतले नाहीत, निस्तरणाऱ्यांतले आहेत. “मॅडम, मी बोललोय त्यांच्याशी. मुलांसमोर अपमान झाला, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. त्या मुलीनं येऊन एकदा ‘चुकलं’ म्हणायचं. दोन मिनिटांचं काम. खोली परत मिळते.”

मी बाहेर आले तर ती दाराशीच उभी. निरोप तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. डोळे सुजलेले होते.

“मॅडम, मी म्हणते ना. माझ्यामुळं सगळ्यांची लॅब गेली. मी बोलायलाच नको होतं.”

कुलूप बघून मला जेवढा संताप आला नव्हता तेवढा हे ऐकून आला. दोन दिवसांत या माणसांनी तिला कुठं नेऊन ठेवलं होतं बघा. मी तिला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं.

“म्हण की. पण तुझं काय चुकलं ते आधी मला सांग. मापात चूक झाली?”

“नाय.”

“चुन्याच्या नळीत लाळ गेली होती?”

“नाय, मॅडम.”

“मग आत जाऊन कशाबद्दल चुकलं म्हणणार?”

तिनं ओढणीनं नाक पुसलं. “चुकलं तर काहीच नाय,” ती शेवटी म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला.

मी परत आत गेले. “सर, ती माफी मागणार नाही. मीही मागणार नाही. स्टार्च तुटलं नव्हतं. आम्ही माफी मागितली तर ते मागच्या तारखेनं तुटणार आहे का?”

प्राचार्यांनी कपाळ चोळलं. “फार हट्टी आहात तुम्ही.”

“हो,” मी म्हणाले. “आहे.”

त्या दिवसापासून मी प्रयोगाचा तास व्हरांड्यात घेते, बरोबर त्या कुलपाच्या समोर. नळ्यांचे स्टँड आणि आयोडीनची बाटली शनिवारीच बाहेर निघालेली होती. “धोने के वास्ते निकाल्या था मैं,” असं चाचांनी विचारणाऱ्याला सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. धुण्यापुरतं पाणी पोरं घरून बाटलीत आणतात. ज्या घरांत पिंपातलं पाणी तांब्यानं मोजून वापरतात, त्या घरांतून ही बाटली येते. आणताना पोरांना घरी काय ऐकून घ्यावं लागतं, याची मला कल्पना आहे. एकानंही बाटली विसरली म्हणून सांगितलेलं नाही.

मागच्या तासाला मी तोच प्रयोग पुन्हा घेतला, कारण शनिवारच्या गडबडीत बऱ्याच जणांची निरीक्षणं लिहायची राहिली होती. रंग जांभळा झाला, तांबूस झाला, गेला. मी नेहमीचं वाक्य टाकलं. “बघा, लाळेतल्या विकरानं पाणी घालून स्टार्चची माळ तोडली आणि साखर तयार झाली. लिहून घ्या.”

सगळ्यांनी लिहायला घेतलं. तिनं घेतलं नाही.

“मॅडम, साखर झाली असं कशावरून?”

“म्हणजे?”

“निळा गेला म्हणजे स्टार्च गेलं, एवढं दिसलं. साखर आली का नाय, ते कुठं दिसलं? दुसरंच काहीतरी आलं असंल.”

ती बरोबर होती. इतकी वर्षं मी हे वाक्य पोरांना लिहून देत आले आणि पोरं ते उतरवून घेत आली. साखर तपासायचं एक द्रावण असतं. साखरेबरोबर गरम केलं की ते विटकरी होतं. ती बाटली आमच्याकडं आहे, कुलपाआडच्या कपाटात, खुर्च्यांच्या मनोऱ्यांमागं. “पुस्तकात दिलंय, पान काढ,” असं मला म्हणता आलं असतं. पण आता ते म्हणण्याची मला लाज वाटली असती.

“नाही दिसलं,” मी म्हणाले. “उठा सगळे. नळ्या घ्या बरोबर.”

आम्ही व्हरांडा ओलांडून केबिनकडं गेलो. पुढं मी, मागं अख्खा वर्ग, प्रत्येकाच्या हातात आपापल्या लाळेची नळी. दार उघडंच होतं. प्राचार्य होते आणि त्यांच्यासमोर सचिव चहा घेत बसलेले होते. एवढी पोरं दारात बघून त्यांनी कप खाली ठेवला.

“सर, प्रयोगशाळेची किल्ली द्या,” मी म्हणाले.

“आता कशाला?” प्राचार्यांनी सचिवांकडं बघत विचारलं.

“या मुलीनं मला प्रश्न विचारलाय. उत्तर मला येत नाही आणि ते तपासायचं सामान आत आहे.”

सचिवांनी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्यामागं लपलेली नव्हती, शेजारी उभी होती, आणि नळी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी सरळ धरून होती. मी किल्लीसाठी हात पुढं केला आणि तसाच ठेवला.